‘नीट’साठी एक वर्ष थांबताना…

‘नीट’चा निकाल लागला, की लातूर-नांदेडपासून राजस्थानातल्या कोटापर्यंत ‘रिपीटर’ विद्यार्थ्यांच्या तुकड्या भरू लागतात. २०२४ मध्ये देशभरात २३ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा मात्र लाखाच्या थोड्या वर होत्या. त्यामुळे एक वर्ष थांबावे लागणे ही नामुष्की नव्हे. परीक्षा किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही आणि २०२२ पासून कमाल वयाची अटही उरलेली नाही. खरा प्रश्न, या वर्षात काय करायचे हा आहे.

त्याच नोट्स पुन्हा वाचल्या की मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येते असा समज होतो. पण ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा उतारा वारंवार वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांच्या लक्षात जास्त राहिले होते.

म्हणून आधी मागच्या चुकांची वर्गवारी करावी. जे माहीतच नव्हते ते नव्याने शिकावे. माहीत असून आठवले नाही, त्यावर रोज स्वतःची चाचणी घ्यावी. घाईत चुकले असेल तर घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, हे विसरू नये.

झोपेला कात्री लावू नये. शिकलेले मेंदूत पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते.

मित्र कॉलेजात गेलेले आणि आपण घरात, हे एकटेपण सोपे नसते. दोन आठवडे झोप-भूक बिघडली, कशातच मन लागेना, ‘माझे काही होणार नाही’ असे मूल बोलू लागले, तर आळस म्हणून रागावू नये, डॉक्टरांना दाखवावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही.

फिजिओथेरपी, बीएएमएस, नर्सिंग असा दुसरा रस्ता पालकांनी मुलासोबत बसून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावा. मग परीक्षेच्या त्या तीन तासांवर साऱ्या आयुष्याचे ओझे राहत नाही.