गुडघेदुखी, इंजेक्शन आणि पेशीतील एक ग्राही प्रथिन

उतारवयात गुडघे दुखू लागले की ‘वाताचा विकार’ म्हणून तो सोसण्याची आपल्याकडे रीत आहे. वेदना असह्य झाली म्हणजे गुडघ्यात इंजेक्शन घेतले जाते. काही दिवसांत आराम पडतो. तो ओसरला की पुन्हा इंजेक्शनाची मागणी होते. हा आराम कोठून येतो आणि त्याची मर्यादा कोणती, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. अस्थिसंधिवातात ते झिजते, सांध्याच्या अस्तराचा दाह होतो आणि हालचाल क्लेशदायक बनते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने तिची झीज सहजासहजी भरून येत नाही.

सांध्यात टोचले जाणारे औषध बहुधा स्टेरॉइड वर्गातील असते. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे स्टेरॉइड आमवाताच्या रुग्णाला प्रथम दिले. त्या कार्याबद्दल त्यांना १९५० च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९५१ मध्ये डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी थेट सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. हे औषध पेशीतील ज्या प्रथिनाशी जोडले जाते, त्या ग्राहीची प्राथमिक रचना, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, १९८५ मध्ये उलगडली.

हा ग्राही एरवी पेशीद्रवात असतो. स्टेरॉइडचा रेणू त्याला बिलगताच तो पेशीकेंद्रात शिरतो आणि जनुकांच्या कार्याचे नियमन करतो. दाह वाढविणारी जनुके मंदावतात, सूज उतरते, वेदना शमते. परंतु हाच ग्राही कूर्चेच्या पेशींतही असतो. औषधाची मात्रा वारंवार पोहोचल्यास कूर्चेची जडणघडणही मंदावू शकते. एकाच किल्लीने दोन कुलपे उघडावीत, तसा हा प्रकार आहे.

२०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडचे व उरलेल्यांना मिठाच्या द्रावणाचे इंजेक्शन दिले गेले. स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर, तर इतरांची ०.१० मिलिमीटर झिजली. दोन वर्षांअखेर वेदनेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

याचा अर्थ इंजेक्शन सर्वस्वी त्याज्य आहे, असा नव्हे. तीव्र वेदनेच्या काळात तज्ज्ञांनी विचारपूर्वक दिलेले इंजेक्शन काही आठवडे दिलासा देते. त्याने झीज भरून येत नाही, एवढे ध्यानी ठेवावे. मधुमेही रुग्णांच्या रक्तातील साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते, म्हणून त्यांनी आपला विकार डॉक्टरांना आधीच सांगावा.

उपचाराचा खरा पाया मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजनावरील नियंत्रण हाच आहे. वजन एक किलोने घटल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ च्या एका अभ्यासात दिसून आले. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही गोष्ट गावातील वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचविल्यास अनेकांचे चालणे अधिक काळ सुकर राहील.