एका पागेतील घोड्यांस निरनिराळा खुराक

आपल्या राज्यात घोडे व तट्टे आजही अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहेत. मेंढ्यांबरोबर रानोमाळ फिरणाऱ्या धनगर बांधवांचे बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर चालते. खाजगी मोटारगाड्यांस मज्जाव असलेल्या माथेरानात प्रवाशांची व सामानाची ने-आण घोड्यांवरून होते. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेडे येथे भरणाऱ्या यात्रेत घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते; लग्नसराईत मिरवणुकीस घोडे देणारेही पुष्कळ आहेत.

अशा घरी बहुधा दोन-चार जनावरे एकाच ठिकाणी बांधलेली असतात. एक रोज राबते, एक घोडी गाभण असते, एक म्हातारे झालेले असते, तर एखादे काम नसल्यामुळे नुसते उभे असते. या सर्वांस एकाच मापाने चंदी घातली, तर एक हाडकते, दुसरे फाजील चरबीने फुगते आणि तिसरे पोटशुळाने दगावते. जनावर गेले म्हणजे घरची कमाईही गेली. म्हणून ज्याची जशी गरज तसा त्याचा खुराक, हे तत्त्व प्रत्येक घोडेवाल्याने अंगी बाणविले पाहिजे.

घोड्याचे पचन

घोडा बैलाप्रमाणे रवंथ करीत नाही. त्याचे जठर एकच व लहान असून मोठ्या घोड्यातही त्यात ८ ते १५ लिटरच मावतात. चारा आंबून पचतो तो पुढे मोठ्या आतड्यात. एकाच वेळी पुष्कळ धान्य खाल्ल्यास ते पुरते न पचता तेथवर उतरते व भलतेच आंबते. त्यातून पोटशूळ किंवा खुरांचा दाह उद्भवतो. घोड्यास ओकारीही होत नाही. त्यामुळे पोटात गेलेले अन्न वरच्या वाटेने बाहेर पडू शकत नाही. यास्तव गवत हे मुख्य अन्न व धान्य हे पूरक अन्न समजावे.

वजनाचा अंदाज

खुराक ठरविण्यापूर्वी वजन काढावे. त्यास काटा लागत नाही, शिंप्याची फीत पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. घेर १४० व लांबी १३० असेल, तर वजन सुमारे २१४ किलो येते. दर १०० किलो वजनामागे रोज निदान दीड किलो सुका चारा पोटात गेलाच पाहिजे. म्हणजे या तट्टास सव्वातीन किलोंहून कमी चारा कधीही देऊ नये.

कोणास किती?

रोज ओझे वा स्वार वाहणारे : वरील वजनाच्या तट्टास ४ किलो सुके गवत आणि १ ते दीड किलो चंदी द्यावी. चंदीत भरडलेला हरभरा किंवा जव व थोडा गव्हाचा कोंडा असावा. ती तीन वेळा विभागून द्यावी.

बसून असलेले : यास चंदीची गरज नाही, सव्वाचार किलो गवत पुरे. लग्नसराई संपल्यावरही हंगामातलीच चंदी चालू ठेवणे हे चरबी व खुरांचा दाह यांचे एक मोठे कारण होय. परंतु लठ्ठ तट्टास एकाएकी उपाशी ठेवू नये. त्याने रक्तात चरबी उतरून जिवास धोका होतो. खुराक हळूहळू उतरवावा.

गाभण घोडी : गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. पहिले ८ महिने नेहमीचा खुराक चालतो. शेवटच्या ३ महिन्यांत गर्भ झपाट्याने वाढतो. तेव्हा वाळलेला लसूणघास द्यावा व चंदी क्रमाक्रमाने वाढवावी. शिंगरू पीत असता तिची भूक याहूनही अधिक असते.

म्हातारे : चघळलेल्या चाऱ्याचे बोळे तोंडातून खाली पडत असतील, तर दात बिघडले असे समजावे. पशुवैद्याकडून ते घासून घ्यावेत व बारीक कुट्टी भिजवून घालावी.

विश्रांतीच्या दिवसाचा धोका

कामाच्या घोड्यास एक-दोन दिवस विश्रांती मिळाली असता चंदी निम्म्याहून कमी करावी. ती पूर्ण चालू राहिल्यास पुन्हा कामास जुंपताच थोड्या अंतरावर घाम सुटतो, मागचे पुठ्ठे लाकडासारखे ताठरतात व लघवी काळपट तांबडी होते. अशा वेळी घोड्यास एक पाऊलही न चालविता तेथेच उभे करून पशुवैद्यास बोलवावे.

आणखी काही दक्षता

खुराकातील कोणताही बदल ७ ते १० दिवसांत हळूहळू करावा. बुरशी आलेला कडबा किंवा मका घालू नये. गाई-म्हशींचे तयार पशुखाद्य घोड्यास देऊ नये. त्यात कधी मिसळलेले मोनेन्सिन हे औषध घोड्याच्या हृदयास घातक असते. नुसत्या कोंड्यावर भर दिल्यास चुन्याचे प्रमाण कमी पडून हाडे पोकळ होतात. स्वच्छ पाणी व मीठ सदैव जवळ असावे.

सर्वांस निरनिराळे खाऊ घालणे अवघड नाही. गवत आधी घालावे. चंदी ज्याच्या त्याच्या तोबऱ्यात, मापून, अंतरावर बांधून द्यावी व संपताच तोबरा काढावा. दांडगे जनावर दुबळ्याचा वाटा खाते, ते याने टळते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या घोडेवाल्यांस फितीने वजन काढण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी आणि प्रत्येक जनावराचा घेर दरमहा वहीत टिपण्यास सांगावे. घेर वाढला की चंदी कमी, घेर उतरला की चारा व दात यांची तपासणी, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ जनावरे वाचतील.