संग्रहालयात बिनपगारी का राबायचे?

कोरेगावहून रहिमतपूरमार्गे औंधला जाणारी माणसे बहुधा यमाईच्या डोंगरासाठी जातात. त्याच डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे, तसेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई व मुलाचे शिल्प तिथे पाहायला मिळते. आता हे संग्रहालय राज्य शासनाकडे आहे, म्हणजे ते तुमचे-आमचे आहे. तरीही आपल्यापैकी कितीजण त्याची पायरी चढले असतील? आणि अशा ठिकाणी 'रविवारी दोन तास मदतीला या' असे कुणी आपल्या मुलीला म्हटले, तर घरातील म्हातारी माणसे पहिल्यांदा विचारतील, "पैसे किती देणार? फुकट कशाला राबायचे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी वेठ भोगली आहे. सरकारी निरोप पोहोचवायचा, साऱ्याची रक्कम तालुक्याला न्यायची, वेळी-अवेळी हाक आली की धावायचे. बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुत्याची भाकर! या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. कायद्याने ही वतने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. राज्यघटनेच्या २३व्या कलमाने तर वेठबिगारीला मनाईच केली आहे. तेव्हा बिनपगारी कामाबद्दल आपल्या घरात संशय असला, तर तो अनुभवातून आलेला शहाणपणा आहे.

मग लोक संग्रहालयात स्वतःहून का जातात? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये स्वयंसेवक टेबल मांडून बसतात आणि जुन्या वस्तू पाहुण्यांच्या हातात देऊन माहिती सांगतात. याच म्युझियमच्या वाचनालयात बाबासाहेब विद्यार्थिदशेत दिवसभर बसून वाचत असत. कुणाला शिकायचे असते, कुणाला चारचौघांत बोलण्याची भीड मोडायची असते, निवृत्त माणसाला आपला वेळ सत्कारणी लावायचा असतो. आपल्याला याखेरीज आणखी एक कारण आहे. आपला इतिहास जपला नाही, तर तो नाहीसा होतो.

साताऱ्याचेच उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधील ती १९१४ क्रमांकाची नोंद आजही आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो, तो या नोंदीमुळेच. ते रजिस्टर कुणी रद्दीत घातले असते तर?

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आणि नित्य वापराच्या वस्तू आहेत. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी त्या जिवापाड सांभाळल्या आणि वामनराव गोडबोले यांच्या खटपटीमुळे त्यांना हक्काची जागा मिळाली. ही कामे पगारासाठी झाली नाहीत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दीला शिस्त लावणारे समता सैनिक दलाचे सैनिकही रोजंदारी मागत नाहीत. म्हणजे मनापासून दिलेले श्रम आपल्याला नवे नाहीत.

मात्र वेठ आणि सेवा यांतील रेषा पुसट होऊ देऊ नये. ज्या कामाला 'नाही' म्हणता येत नाही, ती वेठ. सेवा करणाऱ्याने आधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. तास किती? एस.टी.चे भाडे मिळणार का? शिकवणार काय? शेवटी दाखला मिळणार का? पगारी शिपायाची जागा रिकामी ठेवून तिथे फुकटचा पोरगा उभा करायचा असेल, तर साफ नकार द्यावा. आणि ज्या घरात रोज कमावल्याशिवाय चूल पेटत नाही, त्या घरातील माणसाने मजुरी बुडवून सेवा केलीच पाहिजे, असे कुणी म्हणू नये.

ज्यांना सवड आहे, त्यांनी मात्र मागे राहू नये. जुन्या तैलचित्राला बोट का लावायचे नाही, घामाने तांब्याची वस्तू कशी काळवंडते, वस्तूची नोंद वहीत कशी करायची, हे सारे शिकता येते. शिवाय पाटीवर जे लिहिलेले नसते, ते सांगायला आपले माणूस तिथे हवे. जाते कुणी ओढले, मोट कुणी शिवली, किल्ल्याचा दगड कुणी वाहिला, हे मुलांना कोण सांगणार?

आणि सुरुवात घरापासूनच करता येईल. आजोबांचे पलटणीतले पदक, चुलत्याचा मुंबईच्या गिरणीतला पास, १९५६ च्या दीक्षेच्या वेळचा फोटो पेटीच्या तळाशी असेल, तर तो बाहेर काढा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. वस्तू स्वच्छ कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आजी सांगते ते मुलीला वहीत उतरवून घेऊ द्या. उद्या एखाद्या संग्रहालयाने या वस्तू मागितल्या, तर त्यांची माहिती सांगायला तीच मुलगी पुढे होईल.