बोका सोफ्यावर पिचकारी का मारतो?

गोराई गावातल्या एका घरून मध्यंतरी निरोप आला, ‘डॉक्टर, आमचा बोका बिघडला आहे. सोफा टाकायचा की बोका, एवढेच येऊन सांगा.’ बोरिवलीकडून बोट धरून खाडीपलीकडे गेलो. दारातच वास आला आणि निम्मे निदान तिथेच झाले.

सोन्या तीन वर्षांचा, वर्षभरापूर्वी खच्ची केलेला. तरीही खिडकीखालच्या सोफ्याच्या पाठीवर रोज सकाळी लघवीची पिचकारी ठरलेली. घरच्या मावशींनी फिनेल ओतले, मिरपूड टाकली, दोन वेळा झाडूही उगारला. बोका काही ऐकेना.

वाचकहो, हा खोडसाळपणा नव्हे. मांजराला खरोखर लघवी लागते तेव्हा ते खाली बसून करते आणि वर माती ओढते. पिचकारी मारताना मात्र ते उभे असते, पाठ भिंतीकडे, शेपटी ताठ आणि थरथरती. उडते ती लघवीही थोडीच. ही त्याची पाटी असते, ‘जागा माझी’ अशी. वयात आलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचा गंधकयुक्त पदार्थ भरपूर असतो. त्याचे विघटन झाले की तो उग्र वास सुटतो. हे सारे नराच्या संप्रेरकावर चालते, म्हणून पाच-सहा महिन्यांचा असतानाच बोक्याची शस्त्रक्रिया करून घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. मोठ्या वयात केली तरी दहापैकी जवळजवळ नऊ बोक्यांची ही सवय सुटते किंवा पुष्कळ कमी होते, काहींना त्यासाठी काही महिने लागतात. भाट्याही पिचकारी मारतात, विशेषतः माजावर आल्या की.

सोन्या त्या उरलेल्या एकात मोडत होता. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. खिडकीबाहेर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या राखणीला गावातले तीन बोके हजर! काचेतून ते दिसले की आतला सोन्या कासावीस होई आणि आपली पाटी पुन्हा ताजी करी. मावशींच्या झाडूने त्याची भीती वाढली, म्हणजे पिचकाऱ्याही वाढल्या.

खिडकीच्या खालच्या काचांना जाड कागद चिकटवायला सांगितला. सोफा धुण्याची रीतही बदलली. कपडे धुण्याची एन्झाइमवाली पावडर कोमट पाण्यात कालवून त्याने डाग धुवावा, मग साध्या पाण्याने पुसावे, वाळल्यावर वरून सर्जिकल स्पिरिटचा हात फिरवावा. कापडाचा रंग जातो का, हे आधी कोपऱ्यात पाहून घ्यावे. जागा कोरडी झाली की सोन्याची खाण्याची ताटली तिथेच ठेवावी, कारण जेवायच्या जागी मांजर सहसा घाण करत नाही.

फिनेल मात्र बंद. माणसाचे यकृत फिनॉलसारखी द्रव्ये निकामी करते, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. पाय फिनेलात पडतात, मांजर पाय चाटते आणि विष पोटात जाते. पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी जंतुनाशके आणि डांबराच्या गोळ्याही तशाच घातक.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी खाडीपलीकडूनच फोन आला, ‘बोका सारखा मोरीत जाऊन बसतो, कुंथतो, घरभर थेंब थेंब टाकतो.’ मी म्हटले, उद्या सकाळच्या बोटीने आणा. आणला, पण उशीर झाला होता. त्याचा मूत्रमार्ग खड्यांनी बंद झाला होता. बोक्याची ही नळी फार अरुंद असते. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. बोका कुंथतो आहे, ओरडतो आहे, शिश्न चाटतो आहे आणि लघवी होत नाही, असे दिसले तर रात्र असली तरी थांबू नये. बोट नसेल तर भाईंदरवरून फेरा मारून यावे. कुठे घाण केली याचा राग नंतर. घरातली वेदनाशामक गोळी देऊ नये, पॅरासिटामॉल तर मांजराला प्राणघातक आहे.

सोफ्याच्या हाताचे दोरे निघाले होते, तेही मावशींनी दाखवले. नखांचे जुने कवच काढायला, अंग ताणायला आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास लावायला मांजर ओरबाडतेच. ते थांबवता येत नाही, जागा बदलता येते. नखे मुळासकट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया कोणी सुचवली तर ऐकू नये, त्यात बोटाचे शेवटचे हाडच कापतात. त्यापेक्षा तीन फूट उंचीचा लाकडी खांब जड पाटावर घट्ट ठोकावा. मांजराने पुढचे पाय टेकून अंग ताणले तरी तो हलता कामा नये, हलला की ते पुन्हा सोफ्याकडे वळते. त्यावर गोणपाट किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी. जुने नायलॉनचे जाळे नको, नखे अडकतात. आणि खांब अडगळीत न ठेवता सोफ्याला खेटूनच ठेवावा.

मावशींनी तो दुसऱ्याच दिवशी करून घेतला. महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा सोन्या त्याच खांबावर नखे घासत होता. काचेवरचा कागद एका कोपऱ्यात फाटला होता, तेवढा नवा लावायला सांगून मी परतीची बोट धरली.