गिरणीचा पट्टा किती जोर लावतो?

दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेलात की नंबर लागेपर्यंत काय करता? पीठ उडतं म्हणून नाक दाबून दाराशी उभे राहता ना? पुढच्या वेळी जरा मोटरीकडे बघा. लांबूनच बघायचं हं! मोटरीच्या दांड्यावर एक छोटी पुली असते, जात्याच्या दांड्यावर मोठी, आणि दोघींना कवेत घेऊन एक पट्टा सरसर पळत असतो.

आता प्रश्न. मोटर थेट जात्यालाच का नाही जोडत? मध्ये हा पट्टा कशाला?

मोटरीवर एक छोटी धातूची पाटी असते. तिच्यावर बऱ्याचदा १४४० हा आकडा दिसतो. म्हणजे ही मोटर मिनिटाला १४४० फेरे मारते. जातं एवढ्या वेगाने फिरवलं तर पीठ करपेल, तापेल, दगडही लवकर झिजतील. वेग कमी करायला हवा, आणि तो कमी करण्याचं काम दोन पुल्यांच्या मापातला फरक करतो. ना बटण, ना इलेक्ट्रॉनिक सर्किट!

समजा, मोटरीची पुली १० सेंटीमीटर व्यासाची आहे. तिचा घेर साधारण ३१.४ सेंटीमीटर. पुलीचा एक फेरा झाला की पट्टा तेवढाच पुढे सरकतो. मिनिटाला १४४० फेरे म्हणजे पट्टा मिनिटाला सुमारे ४५२ मीटर पळाला. तासाला २७ किलोमीटर झाले की हो! आणि तेही गिरणीच्या कोपऱ्यातून न हलता.

हाच पट्टा पुढे जात्याच्या पुलीवरून जातो. तिचा व्यास २० सेंटीमीटर असेल तर घेर ६२.८ सेंटीमीटर. तिला एक फेरा पुरा करायला दुप्पट पट्टा लागतो, म्हणून तिचे फेरे निम्मेच होतात : ७२०. सूत्र पाठ करायची गरज नाही. पट्टा दोन्ही पुल्यांवरून सारख्याच वेगाने जातो, एवढं लक्षात ठेवलं की झालं. एका पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे, बरोबर दुसरीचा व्यास गुणिले तिचे फेरे.

वेग निम्मा झाला, मग उरलेला गेला कुठे? तो वाया जात नाही, त्याच्या बदल्यात जात्याला फिरवण्याचा जोर दुप्पट मिळतो. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलता हलत नाही आणि कडीजवळ ढकललं तर सहज उघडतं, तसंच इथे. मोठ्या पुलीचा काठ दांड्यापासून लांब असतो, म्हणून पट्ट्याची तीच ओढ तिथे फिरवायला जास्त जोर देते. मात्र फुकट काहीच मिळत नाही. वेगही वाढेल आणि जोरही वाढेल अशी पुली कुणाला बनवता आलेली नाही, येणारही नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. मोटरीच्या पाटीवर ५ एचपी असंही लिहिलेलं असतं, म्हणजे पाच अश्वशक्ती. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ७६ किलोच्या माणसाला एका सेकंदात एक मीटर वर उचलायला साधारण एवढी शक्ती लागते. पाच अश्वशक्ती म्हणजे अशी पाच माणसं, ३८० किलो, सेकंदाला एक मीटर. पण आपला पट्टा सेकंदाला साडेसात मीटर पळतोय. म्हणून ३८० ला ७.५ ने भागा. उत्तर येतं जवळजवळ ५० किलो. मोटर पूर्ण जोरात चालू असताना तो पातळसा पट्टा गव्हाचं ५० किलोचं पोतं लटकवल्याएवढी ओढ पुलीला लावत असतो!

थांबा, थोडी गंमत बाकी आहे. पट्ट्याच्या दोन बाजू असतात, एक ताणलेली आणि एक सैल. ताणलेल्या बाजूत समजा ९० किलोची ओढ आहे आणि सैल बाजूत ४० किलोची. पुली फिरवायला उपयोगी पडतो तो फक्त दोन्हींमधला फरक, ५० किलो. सैल बाजू अगदीच ढिली पडली तर पट्टा पुलीला पकडणार कसा? तो घसरतो, कुई कुई ओरडतो, तापतो. मग काही गिरणीवाले पट्ट्याला राळ लावतात, म्हणजे तो पुन्हा चिकटून चालतो.

ही पकड किती जबरदस्त असते त्याचं गणित अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाने मांडलं. लाकडी खांबाला दोरीचा अर्धा वेढा दिला, तर एका टोकाला आपण धरलेल्या जोराच्या सुमारे अडीचपट ओढ दुसऱ्या टोकाला थोपवता येते. एक पूर्ण वेढा दिला तर साडेसहापट. दोन वेढे दिले तर ४३ पट! (घर्षणाचा आकडा ०.३ धरला आहे, दोरी आणि खांब बदलले की उत्तरही बदलेल.) बंदरावर एकटा खलाशी दोरीचे दोन-तीन वेढे खुंट्याला देऊन भलीमोठी बोट कशी अडवतो, ते कळलं ना? आणि पट्टा पुलीला जितका जास्त बिलगेल तितका कमी घसरेल, हेही त्यातूनच कळतं.

सपाट पट्टा पुलीवरून खाली का पडत नाही? मला तर वाटायचं, पुलीच्या कडांना भिंती असणार. पण जुन्या पुल्यांना बहुधा त्या नसतातच! उलट पुली मध्यभागी किंचित फुगीर असते. पट्टा एका बाजूला सरकला की त्याची उंचवट्याकडची कड जास्त ताणली जाते, पट्टा थोडा वाकतो आणि नव्याने येणारा भाग उंचवट्याच्या बाजूला टेकतो. असं करत करत तो आपोआप मध्यावर येऊन बसतो. माझ्या मते पट्ट्याच्या यंत्रातली ही सगळ्यात हुशार युक्ती आहे. पट्टा मध्ये फुली पडेल असा तिरका घातला तर दुसरी पुली उलट फिरते, तीही गंमतच, पण पहिलीची सर तिला नाही.

आता तुमची पाळी. पायाने चालवायच्या शिलाई मशीनच्या खालच्या मोठ्या चाकाचा आणि वरच्या छोट्या चाकाचा व्यास मोजा. समजा ३० आणि ७.५ सेंटीमीटर निघाले. वरच्या चाकाच्या एका फेऱ्यात सुई एक टाका घालते. मग खालचं चाक एकदा फिरलं की किती टाके पडतील? उत्तर काढा, आणि मग टाके मोजून पडताळा. मापं मात्र मशीन बंद असताना आणि घरच्यांना विचारूनच घ्या. गिरणीत तर पट्ट्याच्या जवळपासही जाऊ नका. त्यात ओढणी, मोकळे केस किंवा सैल बाही अडकली तर सोडवायला वेळच मिळत नाही.