दशांश चिन्हानंतरचे अंक

१२.५ क्विंटल अधिक की १२.४५ क्विंटल? सहावीच्या वर्गात हा प्रश्न घातला, तर पुष्कळ मुले १२.४५ असे उत्तर देतात. पंचेचाळीस पाचाहून मोठे, हे त्यांचे कारण. धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापूस आणणाऱ्या घरांतील मुलांना तरी याचे खरे उत्तर ठाऊक असलेच पाहिजे. काट्याच्या चिठ्ठीवरील १२.५ म्हणजे १२ क्विंटल ५ किलो नव्हे, तर १२ क्विंटल ५० किलो. चिठ्ठी चुकीची वाचणाऱ्याच्या हिशेबातून ४५ किलो कापूस नाहीसा होतो. मग चुकारा घेताना तो विचारणार तरी काय?

ही चूक आळसातून होत नाही; तिला इतिहास आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे १६ आणे होत. खातेवहीत रुपये व आणे शेजारी मांडत, आणि मधली खूण केवळ दोन एकके वेगळी करी. साडेपाच रुपये म्हणजे ५ रुपये ८ आणे. शेतीच्या व्यवहारात ही रीत अजून जिवंत आहे. एकराचे गुंठे ४०. म्हणून १ एकर २० गुंठे म्हणजे दीड एकर, आणि कुणी तो १.२० असा टिपून ठेवतो. त्याच रीतीने १.५ म्हणजे १ एकर ५ गुंठे. येथे १.२० हे १.५ पेक्षा खरोखरच मोठे! सातबाऱ्यावरील क्षेत्र मात्र हेक्टर-आरमध्ये असते. हेक्टरचे आर १००, त्यामुळे १.५ हेक्टर म्हणजे १ हेक्टर ५० आर, आणि ते १.२० पेक्षा अधिक. (क्रिकेटमधील ४.५ षटकांचा बिंदूही असाच फसवा. पुढच्या एका चेंडूने ती ५ होतात.)

खऱ्या दशांश चिन्हानंतर पहिले स्थान दशांशाचे, दुसरे शतांशाचे, तिसरे सहस्रांशाचे. तुलनेत आधी पूर्णांक पाहावेत. ते समान असल्यास दशांशस्थान, तेही समान असल्यास शतांशस्थान. पहिला फरक जेथे दिसेल तेथेच निकाल लागतो. ०.३९९९ मागे कितीही नऊ जोडा, ०.४ ला ती संख्या ओलांडत नाही. काही मुले उलट नियम करतात: अंक जास्त, तर संख्या लहान. त्यांच्यापुढे ०.३ आणि ०.४५ ठेवावेत.

उजवीकडे शून्ये जोडून अंक सारखे करण्याची युक्ती मी शेवटी शिकवतो. आधी शिकविल्यास मुले ती पाठ करतात आणि ०.५, ०.५०, ०.०५ यांत गोंधळतात.

वाचनाकडेही लक्ष हवे. ‘बारा पॉइंट पंचेचाळीस’ म्हणताच मन पंचेचाळीस आणि पाच यांची तुलना करू लागते. ‘बारा पूर्णांक चार पाच’ असे वाचले, की ‘बारा पूर्णांक पाच’ यातील पाचासमोर चार येऊन उभा राहतो.