कामाचं पान कोणतं, हे ठरवतं कोण?

‘लोणारचं पाणी गुलाबी का झालं?’ असं कुणी शोधलं आणि दोन पानं पुढे आली असं धरा. पहिलं जून २०२० मधल्या बातमीचं: बुलडाणा जिल्ह्यातलं सरोवर रातोरात गुलाबी, बघ्यांची झुंबड, फोटो. प्रश्नातले सगळे शब्द हजर, कारण मात्र बेपत्ता. दुसऱ्या पानात ‘गुलाबी’ शब्दच नाही. खारेपणा वाढला की हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगतं, एवढंच तिथे आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने लोणारचे नमुने तपासून हेच कारण सांगितलं होतं. कामाचं पान दुसरं, हे आपल्याला लगेच कळतं. यंत्राला?

शोधयंत्राची परीक्षा घ्यायची तर आधी उत्तरसूची हवी, आणि ती आजवर माणसं करत आली. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डला ही रीत घडली. आपल्याकडे २००८ मध्ये शोधयंत्रांच्या परीक्षेचा ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला तेव्हा ‘सकाळ’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या जुन्या बातम्या वाचून माणसांनीच ‘कामाची’, ‘बिनकामाची’ अशा खुणा केल्या. किती कंटाळवाणं काम!

आता प्रश्न, पान आणि गुण देण्याचे नियम भाषा-मॉडेलला देतात आणि ते शून्य ते तीन असे गुण देतं. सूचना नीट लिहिल्या तर मॉडेल माणसांइतकंच अचूक ठरतं, असं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना २०२३ मध्ये बिंग या शोधयंत्रावर काम करताना दिसलं. सूचनेचे शब्द जरा फिरवले तरी अचूकपणा हलतो, हेही दिसलं.

मला खरं नवल वाटतं ते याच्याही आधीच्या एका शोधाचं. अमेरिकेतल्या संशोधक एलेन वुऱ्हीस यांनी १९९०च्या दशकात पाहिलं, की एकाच प्रश्नासाठी दोन माणसांनी निवडलेली कामाची पानं निम्मीसुद्धा जुळत नाहीत. तरीही कुणाचीही निवड धरली तरी कोणतं शोधयंत्र सरस, याचा क्रम जवळजवळ तोच राहतो! पानापानावर भांडण, निकालावर एकमत. म्हणूनच थोडं चुकणारं मॉडेलही परीक्षक म्हणून चालू शकतं.

पण माणसांच्या चुका चहूकडे विखुरतात, मॉडेलच्या एकाच दिशेने झुकू शकतात. निरर्थक मजकुरात प्रश्नातले शब्द पेरले तर काही मॉडेलं फसतात, हे प्रयोगांत दिसलंय. आणि ज्याची परीक्षा घ्यायची ते शोधयंत्रही त्याच मॉडेलवर चालत असेल, तर विद्यार्थीच आपला पेपर तपासतो. त्यामुळे मॉडेलला तपासायला माणसांनी खुणा केलेली थोडी पानं बाजूला राखून ठेवावीच लागतात, मराठीसाठी वेगळी.